सामान ट्रकने जाऊ द्या, लेकरे बसने

दिवाळी आटोपली की नंदुरबार जिल्ह्यातल्या रस्त्यांवर दोन प्रकारची गर्दी दिसते. एक सुट्टी संपवून नाशिक, पुणे, सुरतेकडे परतणाऱ्या मोटारींची. दुसरी धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर भागातून दक्षिण गुजरातच्या ऊसपट्ट्याकडे निघालेल्या ट्रक-टेम्पोंची. दोन्हींत लहान मुले असतात. पहिल्या गाडीतल्या आईबापांसाठी सल्ल्यांची कमतरता नाही. मुलांना सोबत काय घ्यावे, दर किती वेळाने थांबावे, गाडी लागली तर काय करावे, हे सारे पुस्तकांत, मोबाइलवर, डॉक्टरांच्या दवाखान्यात मिळते. दुसऱ्या गाडीत भांडी, अंथरुणे, धान्याची पोती आणि कोंबड्यांच्या मधोमध बसलेल्या आईला मात्र हा सल्ला कोणी देत नाही, कारण तिचा प्रवास 'प्रवास' म्हणून मोजलाच जात नाही. ते स्थलांतर असते, आणि स्थलांतराची चर्चा बहुधा मुक्कामी पोहोचल्यावर सुरू होते. वाटेत काय घडते, याचा विचार मागे राहतो.

दीड-दोन वर्षांच्या मुलाचे शरीर मात्र गाडी कोणती आहे हे पाहत नाही. त्याला लागणारी ऊब, पाणी, खाणे, झोप आणि सुरक्षित जागा दोन्हीकडे तेवढीच लागते. हा फरक नीट समजून घ्यायचा असेल तर जुळ्या मुलांचा विचार करावा. जगभरात हजार बाळंतपणांपैकी सुमारे बारा जुळ्यांची असतात, म्हणजे मोठ्या गावात एखादे तरी असे घर सापडतेच. एका मुलाच्या बाबतीत जी अडचण आई कशीबशी निभावून नेते, ती जुळ्यांच्या बाबतीत निभत नाही. मुले दोन, आणि आईचे हातही दोनच. एकाला घट्ट धरले की दुसऱ्याला पाणी पाजायला हात उरत नाही. व्यवस्थेतली जी उणीव एका लेकराबरोबर झाकली जाते, ती दोन लेकरांबरोबर उघडी पडते.

जुळ्यांची सुरुवातच थोडी मागून होते. त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक बाळे दिवस भरण्याआधी, म्हणजे 37 आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मतात. अनेकांचे जन्मवजन अडीच किलोंच्या आत असते. चांगले खाणेपिणे मिळाले तर पुढे ती इतर मुलांच्या बरोबरीला येतात. पण ज्या जिल्ह्यात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत पाच वर्षांखालील निम्म्याहून अधिक मुले कमी वजनाची आढळली, तिथे ही भर निघणे सोपे नाही. म्हणून सातपुड्यातून निघालेल्या ट्रकमध्ये दीड वर्षाची जुळी असतील, तर ती त्या गाडीतली सर्वांत नाजूक प्रवासी आहेत, असे समजूनच चालावे.

प्रवास केवढा असतो? धडगावहून चांदसैली घाट उतरून तळोदा, नंदुरबार, नवापूरमार्गे बारडोली परिसरात पोहोचायचे तर अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास भरते. भरलेल्या ट्रकला घाट, थांबे आणि वाटेत इतर पाड्यांवरची माणसे घेणे धरून सात-आठ तास सहज लागतात. बऱ्याच टोळ्या रात्री किंवा पहाटे निघतात. हिवाळ्याच्या तोंडावर सातपुड्यातली रात्र चांगलीच गार असते. तोरणमाळ आणि डाब परिसरात तर काही हिवाळ्यांत दवबिंदूही गोठतात.

इथे शरीरशास्त्राची एक साधी गोष्ट महत्त्वाची ठरते. लहान मुलाच्या वजनाच्या मानाने त्याच्या कातडीचे क्षेत्रफळ मोठ्या माणसापेक्षा बरेच जास्त असते. त्यामुळे मूल लवकर तापते आणि लवकर गारही पडते. उघड्या गाडीत पन्नास किलोमीटरच्या वेगाने लागणारा वारा अंगातली ऊब सतत काढून घेतो. कुपोषित मुलाच्या कातडीखाली चरबीचा थर नसतो, साखरेचा साठाही कमी असतो. अशा मुलाचे दोन-तीन तासांहून अधिक काळ पोट रिकामे राहिले तर रक्तातली साखर झपाट्याने उतरू शकते. साखर उतरली की अंग आणखी गार पडते, मूल मलूल होते, आणि आईला वाटते की दमून झोपले आहे. तीव्र कुपोषित मुलावर उपचार करताना डॉक्टर दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, दूध का पाजायला लावतात याचे उत्तर इथे आहे. रुग्णालयात ज्या मुलाला रात्रीतून चार वेळा उठवून पाजावे लागते, त्याच मुलाला ट्रकमध्ये आठ तास उपाशी आणि वाऱ्यात ठेवणे केवढे धोक्याचे आहे, हे वेगळे सांगायला नको.

मोटारीतल्या कुटुंबाचा धोका उलट दिशेचा असतो. बंद काचांच्या, उन्हात उभ्या गाडीत तापमान पहिल्या दहा मिनिटांतच सुमारे दहा अंशांनी चढते, आणि काच थोडी खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. 'दोघेही झोपलीत, पाच मिनिटांत चहा घेऊन येतो' असे म्हणून मुलांना गाडीत ठेवणे ही जीवघेणी चूक ठरू शकते. जुळ्यांच्या घरात हा मोह अधिक, कारण दोघांना उठवायचे, दोघांना उचलायचे आणि पुन्हा दोघांना झोपवायचे असते. पण गाडी थांबली की दोघेही गाडीबाहेर, किंवा एक मोठे माणूस गाडीत, एवढा नियम पाळलाच पाहिजे.

दुसरा धोका धडकेचा. ताशी 50 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एकदम थांबली, तर आत मोकळे बसलेल्या माणसाला बसणारा तडाखा साधारण दहा मीटर, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडल्यासारखा असतो. दहा किलोचे मूल मांडीवर घट्ट धरले आहे, या समजुतीला त्या क्षणी अर्थ उरत नाही. दहाव्या भागाच्या सेकंदात त्या मुलाची ओढ शंभर किलोंहून अधिक होते. एवढे वजन कोणतीही आई धरू शकत नाही, मग मांडीवरच्या दोघांना कशी धरणार? दोन वर्षांपर्यंतच्या मुलाचे डोके शरीराच्या मानाने मोठे आणि मान नाजूक असते. म्हणून मुलांची खुर्ची मागच्या आसनावर, आणि जमेल तितकी वर्षे गाडीच्या मागच्या बाजूला तोंड करून बसवावी, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. पुढच्या आसनासमोर एअरबॅग असेल तर तिथे अशी खुर्ची कधीच लावू नये. अशा खुर्च्यांमुळे मोटारीत एक ते चार वर्षांच्या मुलांच्या जिवाचा धोका निम्म्याहून अधिक घटतो, असे अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा विभागाची आकडेवारी सांगते. आपल्याकडेही 2019 च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने 14 वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा मुलांची खुर्ची न वापरता नेल्यास एक हजार रुपये दंड ठेवला आहे. दंडाचे एवढे मनावर घ्यायचे कारण नाही. तिसऱ्या मजल्याचे मात्र घ्यावे.

दुचाकीचा उल्लेख टाळता येणार नाही, कारण आपल्या जिल्ह्यात चौघांचे कुटुंब एका मोटारसायकलवर हे रोजचे दृश्य आहे. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलाला दुचाकीवर नेताना चालकाला बांधणारा पट्टा, मुलाच्या डोक्यावर हेल्मेट आणि ताशी 40 किलोमीटरची वेगमर्यादा हे नियम फेब्रुवारी 2023 पासून लागू आहेत. जुळ्यांच्या बाबतीत हे नियम पाळायचे म्हटले तरी पाळता येत नाहीत, कारण चालकामागे एकच माणूस बसवण्याची परवानगी आहे. जुळी लेकरे घेऊन दुचाकीवर लांबचा पल्ला नकोच. एसटी आणि रेल्वेत पाच वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही. सुरत-भुसावळ मार्गावरची गाडी नंदुरबार आणि नवापूर दोन्ही स्थानकांवरून जाते. रेल्वेत मूल उभे राहू शकते, फिरू शकते, त्याला पाजता येते. दोन लहान मुलांसाठी तिच्याइतके सोयीचे वाहन दुसरे नाही.

वाटेत मूल रडू लागले की आपल्याकडे पहिला अंदाज 'गाडी लागली' असा असतो. दोन वर्षांखालील मुलांना गाडी लागण्याचा त्रास क्वचितच होतो. तो बहुधा त्यानंतर सुरू होतो आणि शाळकरी वयात सर्वाधिक असतो. या वयाचे मूल रडते ते भूक, तहान, ओले कपडे, गारठा किंवा एकाच जागी जखडून राहिल्यामुळे. म्हणून दर दोन तासांनी पंधरा-वीस मिनिटे थांबावे, दोघांना जमिनीवर मोकळे सोडावे, अंगावरचे दूध असेल तर ते, नसेल तर घरची पेज, वरणभात, केळे थोडे थोडे द्यावे. जुळ्यांत एक झोपलेला आणि एक जागा असतो. झोपलेल्याचे खाणे राहून जाते, हे ध्यानात ठेवावे. पाणी उकळून गार केलेले, घरून भरून घेतलेले, आणि दोघांची वाटी-चमचा वेगळा. एकाचा जुलाब किंवा सर्दी दुसऱ्याला लागायला एकच चमचा पुरतो.

मुलांनी वाटेत शांत झोपावे म्हणून सर्दी-खोकल्याचे किंवा उलटीचे औषध पाजण्याची सवय अनेक घरांत आहे. ती सोडली पाहिजे. यातली काही औषधे लहान मुलांचा श्वास मंदावतात. सर्दीच्या औषधांतल्या क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन या जोडीबद्दल, चार वर्षांखालील मुलांना ती देऊ नये असा इशारा केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर 2023 मध्ये दिला आहे. त्याऐवजी पिशवीत ओआरएसची चार पाकिटे असावीत. एक पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात, आणि प्रत्येक पातळ जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या मुलाला अर्धी वाटी, थोडे थोडे करून. जुलाब सुरू झाले तर सहा महिन्यांवरील मुलाला झिंकची 20 मिलिग्रॅमची गोळी रोज एक, असे 14 दिवस. मूल काहीच पीत नसेल, सारखे उलटत असेल, डोळे खोल गेले असतील, श्वास जोरात चालत असेल, झटका आला असेल किंवा उठवूनही उठत नसेल, तर मुक्काम गाठण्याची वाट न पाहता जवळच्या दवाखान्यात गाडी वळवावी. 108 क्रमांक महाराष्ट्रात चालतो, तसा गुजरातमध्येही चालतो.

येथपर्यंतचा सल्ला मोटारीतल्या आईला आजही पाळता येईल. ट्रकमधल्या आईला यातले फार थोडे पाळता येते. गाडी कधी थांबायची ते मुकादम आणि चालक ठरवतात. बसायला जागा सामानाच्या उंचीवर अवलंबून. ऊसतोडीच्या बोलीत 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि उचल त्या जोडीवर ठरते. सोबतच्या लेकरांचा हिशेबात कुठेच उल्लेख नसतो. दूध पिती लेकरे आजीकडे ठेवून जावीत, हे सांगणे सोपे आहे. अंगावर पिणारी दोन मुले पाच महिने कशी ठेवायची, हे सांगणाऱ्याने सांगावे. आणि गावातच काम मिळाले तर जायची वेळ येणार नाही, हे खरेच आहे. रोजगार हमीची कामे दिवाळीनंतर वेळेवर निघाली पाहिजेत, यात वाद नाही. पण ती निघेपर्यंत गाड्या निघतच राहणार, आणि त्या गाड्यांत लेकरे असणारच.

म्हणून मागणी साधी आहे. सामान ट्रकने जाऊ द्या. गरोदर आणि स्तनदा माता व पाच वर्षांखालील मुले बसने जावीत. मालवाहू वाहन माणसांसाठी नसते, हे कायदा पूर्वीपासून सांगतो. मग पर्याय द्यायला नको का? एसटीच्या गाड्या नंदुरबारहून सुरतेला जातात. लग्नाच्या वऱ्हाडासाठी, यात्रेसाठी एसटी प्रासंगिक करारावर मिळते. दहा-बारा टोळ्यांतल्या माता आणि मुले एका बसमध्ये मावतील. पाच वर्षांखालील मुलांचे तिकीट नाहीच. मार्च 2023 पासून महिलांना एसटीत राज्याच्या हद्दीपर्यंत निम्मे भाडे आहे. करारावरच्या गाडीला ही सवलत लावायची की खास फेऱ्या सोडायच्या, हे महामंडळाला ठरवता येईल.

पैसे कोण देणार, हा प्रश्न येईलच. त्याचे उत्तर जुने आहे. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठीच्या 1979 च्या कायद्यानेच येण्याजाण्याचे भाडे ठेकेदाराने द्यावे आणि प्रवासाचे दिवस कामाचे धरावेत असे म्हटले होते. 2020 च्या कामगार संहितेतही प्रवासभत्त्याची तरतूद आहे. म्हणजे मजुराला ट्रकच्या हौद्यात बसवणे ही गरिबीची अपरिहार्यता नाही, ती कोणी तरी वाचवलेली रक्कम आहे. राज्यात ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे कल्याण महामंडळ आहे. नंदुरबारचा मजूर गुजरातचा ऊस तोडतो म्हणून तो महाराष्ट्राचा उरत नाही, असे नाही. पहिल्या हंगामात हा खर्च महामंडळाने किंवा आदिवासी विकास विभागाने उचलावा आणि पुढे तो कारखाने व मुकादमांकडून वसूल करावा.

बसचा आणखी एक फायदा आहे. बस सुटण्याची जागा आणि वेळ आधी ठरते, म्हणजे तिथे आरोग्य कर्मचारी उभा राहू शकतो. दंडाचा घेर मोजायला एक मिनिट पुरते. तो साडेअकरा सेंटीमीटरच्या आत भरला तर मूल तीव्र कुपोषित, आणि अशा मुलाला आधी पोषण पुनर्वसन केंद्राची गरज आहे, प्रवासाची नव्हे. लसींचेही तसेच. 16 ते 24 महिने हे गोवर-रुबेलाच्या दुसऱ्या मात्रेचे आणि त्रिगुणीच्या बूस्टरचे वय, नेमके कडेवरच्या लेकरांचे. ऊसतोडीच्या दाट पडावात गोवर शिरला तर कुपोषित मुलांना तो सर्वांत आधी गाठतो. बस सुटण्याआधी लस, जीवनसत्त्व 'अ'चा डोस, ओआरएसची पाकिटे, दोन आठवड्यांचा घरपोच आहार आणि माता-बाल संरक्षण कार्ड एवढे हातात पडले, तरी निम्मे काम होते.

राज्याच्या महिला व बालविकास विभागाने स्थलांतरित माता-बालकांचा माग ठेवण्यासाठी प्रणाली सुरू केली आहे. ती राज्याच्या आत उपयोगी आहे. नवापूरच्या पुढे मात्र मूल आपल्या नोंदीतून निघून गेले आणि पलीकडच्या नोंदीत चढले नाही, असे होता कामा नये. नवापूरच्या रेल्वे स्थानकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातमध्ये आहे. एका बाकावर बसून दोन राज्यांत पाय ठेवता येतात. दोन राज्यांच्या अंगणवाड्यांनी एकमेकींना यादी द्यायला एवढेही अंतर नाही. बसमधल्या मुलांची यादी त्याच दिवशी पडावाजवळच्या अंगणवाडीला पोहोचावी, आणि तिथल्या सेविकेचा क्रमांक आईच्या कार्डावर लिहिलेला असावा.

बसची सोय होईपर्यंत काय? गावचे सरपंच, आशा आणि मुकादम यांना आजही काही गोष्टी करता येतील. चालकाशेजारची केबिन दूध पित्या लेकरांच्या आयांसाठी राखून ठेवावी. जुळ्यांच्या आईसोबत नवरा किंवा नात्यातले एक माणूस शेजारीच बसावे, एकेक मूल एकेकाकडे. हौद्यात बसावेच लागले तर केबिनच्या भिंतीला पाठ टेकून, फाळक्यापासून दूर. पोती आणि भांडी घट्ट बांधावीत, त्यांच्यावर मुले बसवू नयेत. मुलांच्या डोक्याला टोपी, छातीला कापड, आणि मूल आईच्या अंगाला लागून. रात्रीऐवजी सकाळी निघावे, दर दोन तासांनी थांबावे. थांबले की आधी मुलांना पाजावे, मग चहा. मुकादमाची गाडी यामुळे तासभर उशिरा पोहोचेल. एका तासाने ऊस वाळत नाही.

'आजवर असेच गेलो, काही झाले नाही', हे उत्तर अनेकदा ऐकू येते. ज्यांच्या बाबतीत काही झाले, त्यांची नोंद प्रवासाखाली झालेलीच नसते. पडावावर चौथ्या दिवशी जुलाब किंवा न्यूमोनियाने दगावलेले मूल वाटेतल्या रात्री गारठले होते का, उपाशी होते का, हे कोणी विचारत नाही. ते विचारले जाण्याचा एक सोपा मार्ग आहे. निघताना प्रत्येक मुलाचे वजन घ्यावे आणि होळीला टोळ्या परतल्या की पुन्हा घ्यावे. काठीच्या होळीला सारा सातपुडा गोळा होतो, तेव्हा ही माणसे शोधायला दूर जावे लागत नाही. दोन वजने समोरासमोर ठेवली की प्रवास आणि पडाव या दोहोंनी मुलांचे काय केले, ते जिल्ह्याला दिसेल.

यंदाच्या सगळ्या गाड्या अजून निघालेल्या नाहीत. जिल्हाधिकारी कार्यालय, एसटीचे आगार आणि जिल्हा परिषदेचा आरोग्य विभाग यांनी ठरवले तर धडगाव आणि अक्कलकुव्याहून प्रत्येकी एक बस याच आठवड्यात सुटू शकते. पहिल्या बसमध्ये जागा कोणाला द्यायची हा प्रश्न पडला, तर दोन कडेवर दोन लेकरे घेऊन उभ्या असलेल्या आईपासून सुरुवात करावी.